प्रभूने क्षमा केली, मग दादाच्या पैशांचं काय?

ज्या बंधूंनी हा प्रश्न विचारला आहे, त्यांची हकीकत थोडक्यात अशी. वडिलोपार्जित जमीन विकली तेव्हा त्यांचे थोरले भाऊ आखातात नोकरीला होते. त्यांनी विश्वासाने यांच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून दिलं. यांनी दादांना भाव कमी सांगितला आणि वरची रक्कम स्वतःकडे ठेवली. दादांना आजवर त्याचा पत्ता नाही. तेव्हापासून यांनी देवाजवळ रडून कबुली दिली, उपास केले, पुन्हा कबुली दिली. पाळकांना आडून विचारलं तर त्यांनी सांगितलं, "येशूच्या रक्ताने सगळं धुतलं गेलं, आता मागे वळून बघू नका." तरी प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट समोर आलं की हात पुढे होत नाही. त्यात ऑफिसातल्या एका मित्राने विचारलं, "पाप तू करायचं आणि मरायचं दुसऱ्याने, हा कुठला न्याय?" त्याला उत्तर देता आलं नाही. त्यांचा शेवटचा प्रश्न एका ओळीचा आहे: "मी शुद्ध झालो आहे की नाही?"

बंधू, मी बरीच वर्षं नगर जिल्ह्यात आणि मराठवाड्यात मंडळ्या सांभाळल्या आहेत. हा प्रश्न माझ्यापुढे अनेक रूपांत आला. कधी पैशाचा होता, कधी बाईचा, कधी म्हाताऱ्या आईला टाकून दिल्याचा. तुम्ही विचारता त्या एका ओळीत खरं तर तीन गोष्टी गुंतल्या आहेत. देवाच्या दृष्टीने तुमचं पाप गेलं का, ही एक. गेलं असेल तर तुमच्या मनाला तसं का वाटत नाही, ही दुसरी. आणि दादांचे पैसे अजून तुमच्याकडेच आहेत, ही तिसरी. तुमच्या पाळकांनी पहिलीचं उत्तर बरोबर दिलं. पण तुम्ही आडून विचारल्यामुळे तिसरी गोष्ट त्यांच्या कानावर गेलीच नसावी असं मला वाटतं. आणि तुमची दुसरी गोष्ट तिसरीत अडकली आहे.

काही बाबी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. तुमच्या दादांचा स्वभाव, तुमच्या घरची अवस्था, खरेदीखतात नेमकं काय लिहिलं आहे, हे मला माहीत नाही. मी प्रोटेस्टंट पाळक आहे. तुम्ही कॅथलिक असता तर फादरांकडे कुमसाराला, म्हणजे पापनिवेदनाला, गेला असता, आणि फादरांनी पापमुक्ती देताना घेतलेलं परत करायला सांगितलं असतं. तिथे ही बाब शिकवणीतच बसलेली आहे. आमच्याकडेही ती शिकवणीत आहे, पण व्यासपीठावरून ती फार कमी वेळा सांगितली जाते. याचं मला वाईट वाटतं.

'रक्ताने शुद्धी' ही भाषा मोशेच्या नियमशास्त्रातून आली आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू. लेवीयच्या सोळाव्या अध्यायात प्रायश्चित्ताच्या दिवसाचं वर्णन आहे, सातव्या महिन्याचा दहावा दिवस. प्रमुख याजक अंघोळ करतो, रोजची भरजरी वस्त्रं बाजूला ठेवून साधी तागाची वस्त्रं घालतो. आधी स्वतःच्या पापासाठी गोऱ्हा अर्पण करतो, कारण तोही पापीच. मग दोन बकरे आणून त्यांच्यावर चिठ्ठ्या टाकतात. एकाचा वध होतो आणि त्याचं रक्त घेऊन याजक पडद्याच्या आत, परमपवित्रस्थानात जाऊन दयासनासमोर, म्हणजे कराराच्या कोशाच्या झाकणासमोर, सात वेळा शिंपडतो. दुसऱ्या बकऱ्याच्या डोक्यावर तो दोन्ही हात ठेवतो, लोकांचे सगळे अपराध त्याच्यावर कबूल करतो आणि एका माणसाच्या हाती त्याला रानात पाठवून देतो. पाप झाकलंही जातं आणि दूर नेऊन टाकलंही जातं. आपल्या कोकणातले बेने इस्राएल यहूदी लोक हा दिवस पिढ्यानपिढ्या दारं लावून, उपास करून पाळत आले; त्याला ते दारफाळणीचा सण म्हणत. म्हणजे ही गोष्ट मराठी मुलखाला मिशनरी येण्याच्या कितीतरी आधीपासून ओळखीची आहे.

पुढच्याच अध्यायात एक वचन आहे, त्याकडे माझं लक्ष पाळक झाल्यावर गेलं आणि मग ते कधी सुटलं नाही. लेवीय 17:11. जीव रक्तात असतो, आणि देव म्हणतो, ते रक्त वेदीवर प्रायश्चित्त करायला मी तुम्हाला दिलं आहे. देणारा कोण, ते पाहा. आपल्याकडे अनेकांची, ख्रिस्ती लोकांचीसुद्धा, अशी समजूत असते की देव रागावून बसला आहे आणि माणूस काहीतरी देऊन त्याला शांत करतो. इथे उलटं आहे. प्रायश्चित्ताचं साधन देव स्वतःच्या हाताने पुरवतो. याजकाच्या हातात जे आहे ते त्याच्या घरचं नाही.

तुमच्या मित्राच्या प्रश्नाचं उत्तर इथूनच निघतं. "मरायचं दुसऱ्याने" हे त्याचं म्हणणं तेव्हा बरोबर ठरलं असतं, जेव्हा देव एक, तुम्ही दोन आणि येशू हा वाटेत सापडलेला कुणी तिसरा असता. तिसऱ्या निरपराध माणसाला धरून शिक्षा करणं हा अन्यायच, त्यात मित्राचं काही चुकलं नाही. पण प्रेषित पौल करिंथकरांना सांगतो की देव ख्रिस्तामध्ये होता आणि जगाचा स्वतःशी समेट करत होता. ज्याच्याविरुद्ध अपराध झाला त्यानेच नुकसान स्वतःवर घेतलं.

तुमच्याच प्रकरणात बघा. समजा उद्या दादांना सगळं कळलं आणि ते म्हणाले, "जाऊ दे, सोडलं." तर ती रक्कम कुणाची बुडाली? दादांची. क्षमा करणारा माणूस हिशेब फाडतो तेव्हा तो आकडा हवेत विरत नाही, त्याच्याच अंगावर पडतो. आणि पैशांपेक्षा मोठा घाव असतो तो सख्ख्या भावाने फसवल्याचा. तोही त्यांनाच सोसावा लागेल, आणि तो सोसताना तुमच्याशी बोलणं चालू ठेवावं लागेल. क्षमा फुकट मिळते ती घेणाऱ्याला. देणाऱ्याला ती कधीच फुकट पडत नाही. क्रूसावर आपण हे देवाच्या बाबतीत पाहतो. प्रभूच्या प्रार्थनेत आपण दर रविवारी "आमची ऋणे आम्हांस सोड" म्हणतो, तेव्हा हेच मागत असतो की आमचा तोटा तू सोस.

हे नेमकं कसं घडतं, याबद्दल ख्रिस्ती विचारवंतांत मतं वेगवेगळी आहेत आणि ती मित्राला मोकळेपणाने सांगावीत. सुरुवातीच्या शतकांतले धर्मपिते बहुतेक वेळा मृत्यू आणि सैतान यांच्यावरच्या विजयाच्या भाषेत बोलतात. 1098 मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप अ‍ॅन्सेल्म यांनी माणसाने देवाचं देणं बुडवलं आणि ते फेडायला देवच माणूस झाला, अशी मांडणी केली. त्यांच्यानंतर काही दशकांनी अ‍ॅबेलार्ड म्हणाले की क्रूसावरचं प्रेम पाहून माणसाचं दगडाचं मन फुटतं, हे त्यातलं मुख्य. धर्मसुधारकांनी शिक्षा आणि न्याय यांच्यावर भर दिला. नायसियाच्या मतांगिकारात, म्हणजे मंडळीच्या जुन्या विश्वासकबुलीत, मात्र इतकंच आहे की तो आम्हां मानवांसाठी आणि आमच्या तारणासाठी उतरला, आणि आमच्यासाठी क्रूसावर खिळला गेला. 'कसं' याचा एकच खुलासा मंडळीने सगळ्यांवर लादला नाही. मला स्वतःला वाटतं की पापाला इतक्या बाजू आहेत की एका चित्रात त्याचं उत्तर मावत नाही. ज्याच्या डोक्यावर देणं आहे त्याला देणं फिटल्याची भाषा लागते, जो दारूच्या पकडीत आहे त्याला सुटकेची, आणि जो स्वतःला घाणेरडा समजतो त्याला धुण्याची. तुम्ही धुण्याबद्दल विचारलंत, म्हणून मी इब्री लोकांस पत्राकडे जातो.

त्या पत्राचा लेखक म्हणतो, बैलांच्या आणि बकऱ्यांच्या रक्ताने पाप निघणं शक्य नव्हतं. दरवर्षी तोच विधी करावा लागे आणि त्यातून दरवर्षी पापाची आठवण तेवढी ताजी होई. ख्रिस्ताचं रक्त मात्र आपली सद्सद्विवेकबुद्धी निर्जीव कृत्यांपासून शुद्ध करतं, यासाठी की आपण जिवंत देवाची सेवा करावी. पुढे दहाव्या अध्यायात एक बारीक तपशील आहे. याजक रोज उभा राहून सेवा करतो, पण ख्रिस्त एकच अर्पण करून देवाच्या उजवीकडे बसला. निवासमंडपातलं, म्हणजे मोशेच्या काळच्या तंबूतल्या मंदिरातलं, सामान आठवून बघा: वेदी, गंगाळ, समर्पित भाकरींचं मेज, दीपवृक्ष, धूपवेदी, कोश. बसायला आसन कुठेच नाही. याजकाचं काम कधी संपतच नसे, मग बसणार कधी? ख्रिस्त बसला, कारण काम झालं.

बंधू, तुम्ही मात्र अजून उभे आहात. तीच कबुली, तेच अश्रू, तोच उपास. मी हे फार पाहिलं आहे, आणि त्यामागे काय असतं तेही. माणसाला मनातून वाटत असतं की एवढ्याने भागलं नसेल, अजून थोडं जास्त दुःख केलं तर देवाचं समाधान होईल. मग कबुली हीच किंमत होऊन बसते. फिटलेल्या कर्जाचा हप्ता घेऊन दर महिन्याला सोसायटीच्या दारात उभं राहण्यासारखं आहे हे. नम्रता वाटते, पण त्यात "तुझ्या पुत्राचं मरण पुरेसं नव्हतं, थोडी भर मी घालतो" असं देवाला सांगणं असतं. पुढे धर्मसुधारणा घडवणारे मार्टिन ल्यूथर 1505 मध्ये एर्फुर्टच्या मठात गेले, तेव्हा तासन्‌तास पापनिवेदन करत, बाहेर पडत आणि आणखी काही आठवलं म्हणून परत जात. त्यांचे वरिष्ठ योहान फॉन श्टाउपित्स त्यांना सांगत राहिले की स्वतःच्या पापांकडे बघणं थांबव आणि ख्रिस्ताच्या जखमांकडे बघ. त्या सल्ल्याने ल्यूथरना लगेच शांती मिळाली नाही. पुष्कळ वर्षं गेली.

आपल्या पंडिता रमाबाईंचंही तसंच. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण धर्म मिळाला तरी ख्रिस्त मिळायचा राहिला होता आणि तो सुमारे आठ वर्षांनी मिळाला, असं त्यांनीच पुढे आपल्या साक्षीत लिहून ठेवलं. रमाबाईंसारख्या शास्त्र कोळून प्यालेल्या बाईला जर वेळ लागला, तर तुम्हाला लागतो आहे म्हणून घाबरू नका. 'वाटणं' मागून येतं. क्षमा आहे ती देवाच्या शब्दावर. योहान लिहितो, "जर आपण आपली पापे पदरी घेतली, तर तो विश्वसनीय व न्यायी आहे म्हणून आपल्या पापांची क्षमा करील, व आपल्याला सर्व अनीतीपासून शुद्ध करील." क्षमेचा आधार देवाच्या विश्वसनीयतेवर ठेवला आहे. आपल्याला हलकं वाटण्यावर ठेवलेला नाही. आणि हे योहान विश्वासणाऱ्यांना लिहितो आहे. म्हणजे विश्वास ठेवल्यानंतरही पाप घडतं आणि पदरी घ्यावं लागतं, हे त्याने गृहीत धरलं आहे. वरच्या माडीवर प्रभूने पेत्राला सांगितलं तेच हे: ज्याची अंघोळ झाली आहे त्याला फक्त पाय धुण्याची गरज असते.

तेव्हा तुमच्या पहिल्या गोष्टीचं उत्तर मी स्पष्ट देतो. तुम्ही ख्रिस्तावर विश्वास ठेवून पाप कबूल केलंत आणि सोडण्याची तयारी ठेवलीत, तर देवाने ते तुमच्या नावावरून काढलं आहे. अर्धवट काढलेलं नाही. उरलेलं तुम्ही फेडायचं असंही नाही.

आता 'पाप सोडण्याची तयारी' म्हणजे काय, ते पाहू. कारण पैसे तुमच्याकडे आहेत तोवर ते पाप काही वर्षांपूर्वी घडून संपलेलं नाही. तुम्ही दर महिन्याला ते नव्याने करता आहात. दादांचा फोन येतो, ते विचारतात कसं चाललंय, आणि तुम्ही बरं म्हणता. तुमची सद्सद्विवेकबुद्धी टोचते ती बिघडली आहे म्हणून नव्हे, तिचं काम चोख चाललं आहे म्हणून. मला तर वाटतं, प्रभुभोजनाच्या वेळी तुमचा हात अडवणारा पवित्र आत्माच असावा.

बायबलमध्ये तुमच्यासारख्या माणसासाठी नेमका नियम आहे. लेवीय सहाव्या अध्यायात शेजाऱ्याने विश्वासाने सोपवलेली ठेव लुबाडणाऱ्याची गोष्ट येते. त्याने मूळ रक्कम पुरती परत करायची, वर पाचवा हिस्सा घालायचा, ज्याची त्याला द्यायची, आणि मग दोषार्पणाचा मेंढा आणायचा. मेंढा पैशांच्या ऐवजी चालत नाही, आणि पैसे मेंढ्याच्या ऐवजी. देवाचं देवाशी, भावाचं भावाशी, आणि दोन्ही एकाच दिवशी. यहूदी गुरूंनी इसवी सन 200 च्या सुमारास मिश्ना या नियमसंग्रहात हे सूत्ररूपाने मांडलं: माणूस आणि देव यांच्यामधल्या पापांचं प्रायश्चित्त प्रायश्चित्ताच्या दिवशी होतं, पण माणूस आणि माणूस यांच्यामधल्या पापांचं, समोरच्याची समजूत घातल्याखेरीज होत नाही. आणि आपला प्रभू डोंगरावरच्या प्रवचनात म्हणतो की वेदीपाशी दान आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर.

इथे बरेच जण एकावन्नाव्या स्तोत्राचा आधार घेतात. दावीद म्हणतो, तुझ्याविरुद्ध, तुझ्याविरुद्धच मी पाप केलं. मग म्हणायचं की प्रकरण देवाचं आणि माझं, माणसांना सांगायची गरज काय? पण दावीद हे म्हणत होता तेव्हा उरीया, ज्याची बायको त्याने घेतली आणि ज्याला त्याने मारवलं, तो मेलेला होता. फेड करायला माणूसच उरला नव्हता. आणि नाथान संदेष्ट्याने "परमेश्वराने तुझं पाप दूर केलं आहे" असं सांगितल्यावरही दाविदाच्या घरातले परिणाम टळले नाहीत. तुमचे दादा जिवंत आहेत. हे वचन तुमच्या कामाचं नाही.

आता दुसऱ्या टोकाला जाऊ नका, म्हणून येशूला धरून देणाऱ्या शिष्याची, यहूदाची, आठवण करून देतो. त्याने चांदीची तीस नाणी परत नेली. "मी निर्दोष रक्त धरून देऊन पाप केलं" असं स्पष्ट शब्दांत कबूलही केलं. फेड झाली, कबुली झाली, तरी तो त्याच दिवशी जिवाला मुकला. मुख्य याजकांनी त्याला उत्तर दिलं, "त्याचं आम्हाला काय?" ज्यांच्याकडे माणसांचं पाप ऐकण्याचं काम होतं त्यांनीच दार लावलं, आणि ज्याच्याकडे जायला हवं होतं त्याच्याकडे यहूदा गेला नाही. प्रभूला तीनदा नाकारणाऱ्या पेत्राचं पाप काही लहान नव्हतं, त्याच्याकडे परत द्यायलाही काही नव्हतं. पण तो जिवंत राहिला आणि उठलेल्या प्रभूने त्याला तळ्याकाठी शेकोटीपाशी गाठलं. पैसे परत देऊन माणूस शुद्ध होत नाही. शुद्ध करणारा एकच. म्हणून मी क्रमाबद्दल इतका आग्रह धरतो. जकातदार जक्कयाचं बघा. यरीहोत येशूने झाडाखाली उभं राहून आधी म्हटलं, "आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे." चौपट परत देण्याचं जक्कय बोलला ते त्यानंतर. त्याला घरात घेतलं गेलं होतं, म्हणून हात सैल झाला. तुम्ही दादांकडे जाणार ते क्षमा मिळवण्यासाठी नव्हे. ती मिळालेली आहे म्हणूनच जाण्याचं बळ येईल.

माझ्या एका मंडळीत किराणा आणि धान्याचं दुकान चालवणारे एक गृहस्थ होते. त्यांनी बरीच वर्षं मापात मारलं होतं. ते माझ्याकडे आले तेव्हा हातात शाळेची दोनशे पानी वही होती, गल्लीवार नावं लिहिलेली. किती घेतलं त्याचा नक्की आकडा त्यांनाही सांगता येईना. आम्ही दोघांनी बसून अंदाज केला आणि वर पाचवा हिस्सा धरला. ज्यांची घरं माहीत होती तिथे ते स्वतः गेले. काहींनी चहा पाजला, एकाने चारचौघांत शिव्या दिल्या. काही गिऱ्हाइकं वारली होती, त्यांच्या मुलांना दिलं. काही ऊसतोडीवाली कुटुंबं कुठे गेली कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांचं काय करायचं, हा प्रश्न आला तेव्हा आम्हाला गणना पाचव्या अध्यायातली तरतूद सापडली: ज्याचं देणं आहे त्याचा कोणी जवळचा नातलग नसेल तर ती रक्कम परमेश्वराची, याजकाकडे द्यावी. ती आम्ही मंडळीच्या गरीब निधीत भरली. त्या माणसाचं दुकान त्यानंतर पूर्वीसारखं चाललं नाही, हेही सांगायला हवं. पण त्यांच्या बायकोने मला सांगितलं की आता ते रात्री झोपतात.

तुमच्याबाबतीत मी काय करायला सांगेन? आधी एका विश्वासू माणसासमोर सगळं एकदा, पूर्ण, आडपडदा न ठेवता बोला. तुमचे पाळक असतील तर उत्तम. याकोबाने एकमेकांजवळ पापं कबूल करा असं म्हटलं आहे ते याचसाठी. आकडा सांगा. "काही चुकलं असेल तर" हे शब्द वापरू नका, "मी दादांना इतका भाव सांगितला, खरा इतका होता" असं म्हणा. माझ्याकडे कुणी असं बोललं की मी योहानाचं ते वचन मोठ्याने वाचतो आणि त्यांचं नाव घेऊन सांगतो की ख्रिस्तामध्ये तुमच्या पापांची क्षमा झाली आहे. आपल्या कानांनी दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यात मोठं बळ आहे. स्वतःच स्वतःला सांगितलेलं मन मानत नाही. त्यानंतर देवाजवळ या पापाची कबुली पुन्हा देऊ नका. आठवण आली तर आभार माना.

मग पत्नीला सांगा. त्या पैशांतून घर चाललं असेल, मुलांची फी भरली असेल, तर तिच्या पाठीमागे एवढी रक्कम काढून देणं म्हणजे आणखी एक फसवणूक. वकिलाला खाजगीत दाखवून घ्या, कारण कुलमुखत्यारपत्र आणि खरेदीखत यांचा संबंध आहे आणि कायद्याने काय होऊ शकतं ते तुम्हाला आधी माहीत हवं. पण वकिलाने "गप्प बसा" म्हटलं तर तेवढ्यावरून गप्प बसू नका.

दादांकडे स्वतः जा. ते आखातातच असतील तर ते सुट्टीवर येईपर्यंत थांबा, पण मग टाळू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहू नका. नाताळाच्या किंवा लग्नाच्या गर्दीत सांगू नका. रकमेचा काही भाग तरी सोबत न्या, म्हणजे हे नुसते शब्द नाहीत हे दिसेल. आणि बोलण्याची सुरुवात "प्रभूने मला क्षमा केली आहे" अशी मुळीच करू नका. ते खरं असलं तरी फसवल्या गेलेल्या माणसाच्या कानाला ते असं लागतं की वरच्या कोर्टात निकाल लागला, आता तू सही कर. काय केलं ते सांगा, पैसे पुढे ठेवा, आणि गप्प राहा. क्षमा मागा, पण त्याच बैठकीत ती मिळावी असा हट्ट धरू नका. देवाने तत्काळ क्षमा केली म्हणून दादांनीही करावी, असा हक्क आपल्याला नाही. त्यांना आज पहिल्यांदा कळतं आहे. तुम्हाला कित्येक वर्षं मिळाली.

माझा हा सल्ला सरसकट सगळ्यांनी उचलू नये. फसवणूक पैशांची असते तेव्हा सत्य सांगून नुकसान भरून येऊ शकतं. पण काही कबुल्या अशा असतात की त्या ऐकणाऱ्याच्याच आयुष्याची राखरांगोळी करतात आणि बोलणाऱ्याचं तेवढं ओझं उतरतं. तिथे आधी समजूतदार पाळकाशी किंवा समुपदेशकाशी बोला. ज्यांच्यावर लहानपणी अत्याचार झाला आणि म्हणून ज्यांना स्वतःच मळल्यासारखं वाटतं, अशी माणसं, विशेषतः बाया, माझ्याकडे येतात आणि क्षमा मागतात. त्यांना मी कबुली देऊ देत नाही. ते त्यांचं पाप नाही. त्यांना हवं आहे संरक्षण आणि सांत्वन, आणि जिथे गुन्हा आहे तिथे कायदा. तिसरा प्रकार म्हणजे ज्यांच्या मनात बारीकसारीक, कधी न केलेल्या पापांचे विचार दिवसभर घोळतात, जे हात धुतल्यासारखी कबुली धूत राहतात. तो बऱ्याचदा आजार असतो. त्यावर औषधं आहेत, आणि मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतो. तुमचं पत्र वाचून तुम्ही या तिघांपैकी कुणी वाटत नाही. तुमच्याकडे एक ठरावीक गोष्ट आहे, एक ठरावीक माणूस आहे आणि एक ठरावीक रक्कम आहे.

दादांना सांगेपर्यंत प्रभुभोजन घ्यावं का? यावर पाळकांत एकमत नाही. माझं मत असं: पाळकांपाशी बोलून झालं असेल, दादांकडे जाण्याचा दिवस ठरला असेल, तर घ्या. पौल करिंथकरांना लिहितो की माणसाने आत्मपरीक्षण करावं आणि मग ती भाकरी खावी. परीक्षण करून लांब बसावं असं तो लिहीत नाही. पण काहीच करायचं नाही असं ठरवून घेणार असाल, तर तुमचा हात थांबतो ते ठीकच आहे.

शेवटी, दादांनी काय केलं तर काय. त्यांनी पैसे घेतले आणि बोलणं तोडलं, तर त्यांना तो वेळ द्या. वर्षातून एखादं पत्र लिहा, त्यांच्या आजारपणाला हजर राहा, बाकी मागे लागू नका. रोमकरांस पत्रात "शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितकं" सर्वांशी शांतीने राहा असं आहे. दुसऱ्या बाजूचं तुमच्या हातात नाही. त्यांनी कायद्याची वाट धरली तर खोटं बोलू नका. त्यांनी पैसे घ्यायला साफ नकार दिला, तर ते परत खिशात घालू नका. त्यांच्या मुलांच्या नावे ठेवा, किंवा ते सांगतील त्या कामाला द्या. आणि एकरकमी देणं जमत नसेल तर हप्ते ठरवा, कागदावर लिहून दोघांनी सह्या करा, आणि पहिला हप्ता त्याच दिवशी हातात द्या.